टेइस्को: आठ महिने वाजवल्यावर

संक्रांतीच्या दोन दिवस आधी या जुन्या इलेक्ट्रिक गिटारीवर नव्या तारा चढवल्या, आता पोळाही झाला. रोज अर्धा-पाऊण तास वाजवतोय. नव्याची नवलाई उतरली आहे, त्यामुळे आता खरं लिहिता येईल.

गिटार जपानी, साठच्या दशकातली. डोक्यावरचं नाव वाचून वडिलांनी विचारलं, "टाटांनी गिटारी पण काढल्या होत्या का रे?" टिस्को (टाटांची पोलाद कंपनी) नाही पप्पा, टेइस्को. १९४६ मध्ये सुरू झालेली कंपनी, १९६७ मध्ये कावाईने घेतली. दोन पिकअप (तारांची हालचाल पकडणाऱ्या कॉइली), वर सोनेरी पत्रा, पांढरे रॉकर स्विच. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारचे काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांची ही. मी सहावीत असताना ती खिळ्याला टांगलेली असायची आणि हात लावला की काका नुसते बघायचे, तेवढं पुरायचं. पंचवीस वर्षांनी त्यांचा फोन आला: "घर रिकामं करतोय. माळ्यावर पडली आहे, नेतो का? नाहीतर भंगारवाला येतोच आहे." पैसे काही घेतले नाहीत. बामणोदची भरताची वांगी मात्र पिशवीभर ठेवून घेतली.

अवस्था सांगतो. मागचा पिकअप मेलेला, व्हॉल्यूम फिरवला की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर, नेक, म्हणजे गिटारीची मान, पुढे वाकलेली. मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याने फोटो बघूनच "भिंतीला लावा, छान दिसेल" असं सांगितलं. त्या दिवशी वाटलं होतं, खरंच लावावी.

पिकअपचं काम जळगावला झालं, तेही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. पाणबुडी मोटारी आणि पंख्यांचा ढीग, त्यात मी ही बोटभर कॉइल घेऊन उभा. मल्टिमीटरवर काहीच येत नव्हतं, तार आत कुठेतरी तुटलेली. दुकानदाराने ती दिव्यासमोर धरली. "भो, हाऊ ते केस शे!" खरंच केसच. ४६ नंबरची तार म्हणजे साधारण ०.०६ मिलिमीटर, आणि एका कॉइलवर हजारो वेढे. मी सांगितलं, खाली चुंबक आहे, वर लोखंडी तार हलली की कॉइलमध्ये करंट तयार होतो. तो क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे उलटा पंखा." इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं. त्याने हाताने फिरवायच्या मशीनवर दोन तास लावले, मध्ये दोनदा तार तुटली. शेवटी सवयीने तो कॉइल वार्निशमध्ये बुडवायला निघाला, तेव्हा मीच ओरडलो. घरी आणून मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवली. जुन्या पिकअपवर ५.६ किलोओहम येतात, हिच्यावर ६.१. मागचा पिकअप त्यामुळे किंचित जाडा बोलतो, मला तो आवडतो.

आवाज कमी-जास्त करायचे पॉट ऑनलाइन मागवले, विक्रेत्याने दांड्याचं माप चुकीचं पाठवलं आणि परत घ्यायलाही नकार दिला. मूळ नॉब त्यावर बसेना. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून ६ मिलिमीटरचे आणले. माझी स्वतःची चूक याहून मोठी: पाठीवरचा मळ काढायला थिनर लावला. मळ निघाला, चकाकीही गेली. तो धुरकट पट्टा आजही आहे, कपड्याआड लपतो एवढंच.

नेकच्या आत फिरवून सरळ करायची सोय या गिटारीत नाही. चार स्क्रू काढून नेकच्या खोबणीत लग्नपत्रिकेची पट्टी सरकवली (भाच्याची, जाड होती), कोन बदलला, आणि तारा दहाऐवजी नऊ नंबरच्या, बारीक लावल्या, म्हणजे ताण कमी. पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या) आता लोण्यासारखी चालते. बाराव्याच्या पुढे अजून बोटं दुखतात.

आता आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला आणि लाकूड आक्रसलं. फ्रेटची टोकं बाजूने बाहेर आली, हात सरकवला की ओरखडे. बारीक कानस मारून घेतली. जुलैत लाकूड फुगलं, तारा वर गेल्या, ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, पुन्हा खाली घ्यावा लागला. आक्रसल्यावर कानस मारलेली टोकं आता थोडी आत गेल्यासारखी वाटतात, पण टोचण्यापेक्षा बरं.

सगळ्यात जास्त डोकं गुणगुणीने खाल्लं. पिकअप सिंगल कॉइल असल्यामुळे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुंई पकडणारच. आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, थोडी कमी झाली. मग एका दुपारी टेस्टर घेऊन बसलो, तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं! ते जोडून घेतलं आणि घुंई निम्म्यावर आली. उन्हाळ्यात परत वाढली, तेव्हा वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतायला सांगितलं. बादलीभर ओतलं आणि खरंच उतरली. जुनी गिटार आणत असाल तर पिकअपच्या आधी घराचं अर्थिंग बघा. हिच्या तारा अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) अर्थला जोडलेल्या असतात, झटका बसायचा तर बोटांनाच बसेल.

आवाजाबद्दल: स्वच्छ वाजवली की मऊ, किंचित नाकातून बोलणारा. अमेरिकी गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत टेइस्कोचा असाच सोनेरी पिकअप बसवला, तेव्हापासून लोक नुसत्या पिकअपसाठी या गिटारी फोडतात. मी नाही फोडणार. डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणं) चढवलं की पुढचा, मेण न लावलेला पिकअप शिट्टी मारतो, त्यावर नखाने टकटक केली तरी अॅम्पमधून ऐकू येते. ट्रेमोलोला (सूर वरखाली हलवायच्या दांड्याला) हात लावला की सूर परत जागेवर येत नाही, म्हणून दांडा काढून कव्हरच्या खिशात टाकलाय.

एकूण साडेसहा हजार गेले. त्यात थोडी भर घातली तर नवी, सुरात राहणारी गिटार येते, आणि शिकायचं असेल तर तीच घ्या. ही घेऊन मी कुठे कार्यक्रमाला जात नाही.

गणपतीत काका आले होते. हातात घेतली, न बघता कडेचा स्विच दाबला, काहीच झालं नाही. "हा तेव्हाही चालत नव्हता," म्हणाले. तो मी अजून उघडलेला नाही.