शंखजिरं की जिप्सम?

शंखजिरं (टाल्क) आणि जिप्सम ही दोन्ही खनिजं. दोन्ही मऊ, दोन्ही पांढरट, पण हात लावला की फरक लगेच कळतो. शंखजिरं साबणासारखं निसरडं लागतं. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, निसरडेपणा मात्र नाही. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) शंखजिरं १, जिप्सम २.

शंखजिऱ्याचे पातळ थर एकमेकांवर सैल बसलेले असतात, म्हणून ते घसरतात. शिवाय ते उष्णता सोसतं. रंग, कागद, प्लास्टिक, सिरॅमिक सगळीकडे चालतं. अंगाला लावायची पावडर म्हणून मात्र मी ते सुचवणार नाही, तान्ह्या बाळाला तर नाहीच. ती श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शंखजिऱ्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय.

जिप्समची खरी गंमत त्यातल्या पाण्यात आहे. साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडून प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. त्यात पाणी कालवा, काही मिनिटांत ते गरम होत घट्ट बसतं. मोडलेल्या हाडाचं प्लास्टर, साचे, छताचे बोर्ड, सगळं या एका गुणावर. चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या जमिनीतला सोडियम हटवायलाही जिप्समच हवं. शंखजिरं तिथे निरुपयोगी.