स्टॅचर मीटर : निवड चाचणीत खरी उंची हवी असेल तर

नाशिकच्या गोळे कॉलनीत सर्जिकल सामानाच्या दुकानात उंची मोजायचं ‘स्टॅचर मीटर’ मागितलं की प्लास्टिकची एक डबी हातात येते. आत 200 सेंटीमीटरची गुंडाळलेली टेप, तिच्या टोकाला भिंतीवर अडकवायची कडी, समोर आकडा दिसणारी खिडकी आणि खाली डोक्यावर टेकवायची आडवी पट्टी. किंमत काही शेकड्यांत. शाळेच्या किंवा अकादमीच्या निवड चाचणीसाठी ही वस्तू घ्यावी का? घ्यावी, पण ती भिंतीवर नीट बसवणारा माणूस असेल तरच. चुकीची बसवली तर ती दिवसभर प्रत्येक खेळाडूला तेवढीच जास्त किंवा कमी उंची देत राहते, आणि आकडा यंत्राचा असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही.

उंची फुगवायचा मोह बेसबॉलमध्ये विशेष मोठा असतो. लांब हातापायांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू बॅटरच्या थोडा जवळून सोडतो, म्हणून अमेरिकी कॉलेजांचे कोच उंच मुलांकडे आधी वळतात. मग 177 सेंटीमीटरचा मुलगा कोचना पाठवायच्या प्रोफाइलवर सहा फुटी होतो. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून मोजलं की दोन-तीन सेंटीमीटर तिथेच वाढतात, उरलेले पेन वाढवतं. पण कोच मुलाला इतर खेळाडूंच्या शेजारी उभा पाहतो तेव्हा हे लगेच उघडं पडतं, आणि मग त्याच पानावरचा चेंडूचा वेग आणि 60 यार्ड धावण्याची वेळही त्याला खोटी वाटू लागते. मुलाचं खरं नुकसान इथे होतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, तर 2026 च्या हंगामापासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. त्यात स्ट्राइक झोनचा (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू बॅटरच्या विरुद्ध धरतात तिचा) वरचा काठ बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर आणि खालचा 27 टक्क्यांवर धरतात, त्यामुळे तिथे बूट काढून मोजलेली उंची लागते. 180 च्या बॅटरने 185 सांगितले तर झोनचा वरचा काठ 96.3 वरून जवळजवळ 99 सेंटीमीटरवर जातो. म्हणजे झोन लहान राहावा म्हणून बॅटरला आता कमी उंची सोयीची. मोजणाऱ्याने टाचा उचलणाऱ्याइतकंच पोक काढणाऱ्याकडेही लक्ष द्यायला हवं.

आता बसवणं. डबी भिंतीला लावून जमिनीवर ठेवायची, टेप सरळ वर ओढत न्यायची आणि खिडकीत बरोबर 0 दिसेल तिथे वरच्या कडीची खूण करायची. जमिनीपासून वेगळ्या टेपने दोन मीटर मोजून खूण करू नका, कारण डबीची स्वतःची जाडी त्यात धरली जाईलच असं नाही. ओळंबा लावून रेषा उभी आहे का पाहा, मग रावल प्लग ठोकून कडी पक्की करा. चिकटपट्टीवर भागवलं तर दोन दिवसांत कडी खाली सरकते आणि प्रत्येकाची उंची वाढलेली दिसते. शाळांमध्ये दोन अडचणी हमखास येतात. एक, भिंतीच्या तळाची स्कर्टिंगची फरशी सेंटीमीटरभर पुढे आलेली असते. टाचा तिला टेकतात, पाठ भिंतीला टेकत नाही आणि मूल मागे कलतं. दुसरी, व्हरांड्याच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. स्कर्टिंग नसलेला खांब शोधा आणि पायाखाली पाणसळ ठेवून बघा.

या वस्तूचा खरा दोष आडव्या पट्टीत आहे. पट्टी पातळ असते, वापरून बिजागरीपाशी ढिली होते आणि पुढचं टोक वर उचललं जातं. 15 सेंटीमीटरची पट्टी तीन अंशांनी कलली तरी टोकाला जवळजवळ 8 मिलिमीटरचा फरक पडतो. टेप हातातून सोडून दिली की डबी स्प्रिंगने वर आपटते, त्यानेही पट्टी सैल होते. म्हणून प्रत्येक वेळी डबी हाताने वर न्यावी. चाचणीच्या सकाळी 150 सेंटीमीटरला कापलेला सरळ पाइप पट्टीखाली उभा करून आकडा जुळतो का ते पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नये.

मोजताना बूट-मोजे काढलेले, अंबाडा किंवा पोनी सोडलेली. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी उचलली की उंची बदलते. खोल श्वास घेऊन रोखायला सांगा, पट्टीने केस दाबा, डोळे खिडकीच्या पातळीवर आणून वाचा. मुलाला बाजूला करून पुन्हा मोजा. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दिवसभरात मणक्याच्या चकत्या दबून सेंटीमीटरभर उंची कमी होऊ शकते, म्हणून सगळ्यांना सकाळीच मोजावं.

नोंद फक्त सेंटीमीटरमध्ये. आपल्याकडे ‘पाच आठ’ म्हणतात आणि 5.8 लिहितात. कोणी ते 30.48 ने गुणलं की 176.8 येतात, खरे 5 फूट 8 इंच म्हणजे 172.7. कोणी खोटं बोललं नाही तरी चार सेंटीमीटर वाढले! सहा फूट म्हणजे 182.9, 180 नव्हे.

चाचण्या वेगवेगळ्या मैदानांवर घ्यायच्या असतील तर ही टेप सोडा आणि पायाखाली पाट असलेला, जोडून उभा करायचा स्टँड घ्या. तो काही हजारांत जातो, पण भिंतीवर अवलंबून नसतो. भिंतीचीच टेप घ्यायची असेल तर दुकानातच डबी उघडायला लावा, आडवी पट्टी टोकाला धरून वर-खाली हलवा आणि गुण्या लावून काटकोन तपासा. हलत असेल तर दुसरी मागा.