१८, १९ आणि ३९ : गणिताच्या प्रदर्शनासाठी कोणता पाया निवडावा?

द्विमान पद्धतीचा तक्ता शाळांच्या प्रदर्शनात दर वर्षी असतोच. त्यापुढचं काही मांडायचं असेल, तर तीन पाये (संख्या लिहिताना स्थानांच्या किमती ठरवण्याच्या पद्धती) विचारात घ्या: संतुलित तीन, ऋण दोन आणि क्रमगुणित. नमुन्याला खानदेशातल्या गाड्यांच्या पाट्यांवरचेच आकडे घेऊ: धुळे १८, जळगाव १९, नंदुरबार ३९.

आठवी-नववीच्या मुलांसाठी आमची पसंती सरळ संतुलित तीनला, कारण तो तराजूवर दाखवता येतो. स्थानांच्या किमती १, ३, ९, २७. अंक १, ० आणि उणे एक (इथे ‘ऋ’ लिहू). १९ म्हणजे २७ – ९ + १, म्हणून १ऋ०१. १८ होतो १ऋ००, ३९ होतो १११०. शेवटी शून्य असेल तर तीनने भाग जातो, दोन शून्यं असतील तर नऊने. शून्य नसलेले अंक मोजा: विषम असतील तर संख्या विषम. ऋण संख्येला वेगळं चिन्ह लागत नाही, १ आणि ऋ यांची अदलाबदल केली की झालं. मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये बनलेला ‘सेतुन’ संगणक याच अंकांवर चालायचा.

मांडणीसाठी १०, ३०, ९० आणि २७० ग्रॅमच्या चार पुरचुंड्या करा. त्यांतून ४०० ग्रॅमपर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने सगळी वजनं होतात. (जुना मणही चाळीस शेरांचाच!) वजन पिशवीसकट धरा. तापीची रेती घ्याल तर आधी कडक उन्हात वाळवा. ओली भरली तर वाळताना पुरचुंडी हलकी होते, आणि २७०च्या पुरचुंडीत पाच ग्रॅमची घट म्हणजे अर्ध्या टप्प्याची चूक. मुलं हमखास अडखळतात ती बाजूवर: वस्तूच्या पारड्यात ठेवलेली पुरचुंडी ‘ऋ’, समोरच्या पारड्यातली १.

ऋण दोन हा पाया वहीवर किंवा कोडिंगसाठी चांगला. व्हित्तोरियो ग्रुनवाल्ड यांनी १८८५ मध्ये ऋण पायांची मांडणी केली. किमती १, –२, ४, –८, १६… अंक फक्त ० आणि १. १८ = १०११०, १९ = १०१११, ३९ = ११११०११. अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन, सम असेल तर ऋण. त्याहून सुंदर म्हणजे एकं मोजून तीनची कसोटी लागते: १८ मध्ये तीन, ३९ मध्ये सहा, दोन्हींना भाग जातो, १९ मध्ये चार, बाकी १.

अंक काढायला संख्येला –२ ने पुन्हा पुन्हा भागायचं आणि प्रत्येक बाकी उजवीकडून लिहीत जायची. गडबड होते ती या भागाकारात. ३९ ला –२ ने भागलं की बाकी १ हा उजवीकडचा पहिला अंक, आणि भागाकार –१९. त्याला –२ ने भागलं की संगणक भागाकार ९ आणि बाकी –१ देतो. बाकी ऋण आली की तिच्यात २ आणि भागाकारात १ मिळवा: भागाकार १०, बाकी १. बेरीजही जपून करा, १ + १ = ११० होतात, म्हणजे हातचा दोन घरं जातो.

क्रमगुणित पाया अकरावीच्या वर्गालाच द्या. किमती १, १×२ = २, १×२×३ = ६, १×२×३×४ = २४; १८ = ३००, १९ = ३०१, ३९ = १२११. उजवीकडून पहिल्या घरात जास्तीत जास्त १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३ बसतो. दहाव्या घरात १० साठी वेगळं चिन्ह शोधावं लागतं. पण मांडण्या मोजायला तोड नाही. कापूस, केळी, ज्वारी, मका यांच्या २४ मांडण्या शून्यापासून मोजल्या, तर १९ क्रमांकाची लगेच सापडते: ३०१ च्या शेवटी ० जोडा, आणि डावीकडून प्रत्येक अंकासाठी उरलेल्या यादीतली तितकी नावं सोडून पुढचं उचला. मका, कापूस, ज्वारी, केळी.