पडीक जमिनीवर रान परत आणायचंय: झाडं लावायची की नुसती राखायची?

कोकणात किंवा मावळात जमीन घेतली की लोक आधी विचारतात, "झाडं कुठली लावू?" त्याआधी जमिनीत अजून काय जिवंत आहे ते बघा. खर्च त्यावर ठरतो.

सध्या बोलबाला मियावाकीचा. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या या पद्धतीत जमीन खोल उकरून शेणखत, तूस मिसळतात, चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावतात आणि दोन-तीन वर्षं पाणी, निंदणी करतात. म्हणजे एकराला किमान १२ हजार रोपं! शाळेमागचा तुकडा किंवा कारखान्याची भरावाची जागा असेल तर ठीक, तिथे मूळचं काही उरलेलंच नसतं. पाच एकर डोंगरउतारावर मात्र ही उधळपट्टी आहे. शिवाय उकरताना जुनी मुळं तुटतात ती वेगळीच.

राखलेलं रान स्वस्त पडतं. सरपणासाठी तोडलेल्या ऐन, किंजळ, जांभळाचे बुंधे मेल्यासारखे दिसतात, पण मुळं शाबूत असतात. पाऊस पडला की एकेका बुंध्यातून पाच-सात धुमारे उठतात. त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटा, गुरं आणि कोयता बाहेर ठेवा. पाणी घालावं लागत नाही. जवळ देवराई असेल तर बुलबुल आणि धनेश बी आणून टाकतात, फुकटात. पैसा जातो तो राखणीला: वणव्याच्या दिवसांआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायची, गुरांबद्दल शेजारच्या वाडीशी बोलून घ्यायचं, घाणेरी आणि रानमोडी ही तणं फुलायच्या आत उपटायची. पहिली दोन-तीन वर्षं फोटो काढण्यासारखं काही दिसत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

बुंधेही नाहीत आणि जवळ रानही नाही? मग उंबर, जांभूळ अशा फळझाडांचे चार-पाच पुंजके लावा, मधली जागा पक्षी भरतील. रोपं आसपासच्या बियांची आहेत का, हे रोपवाटिकेत खोदून विचारा. नाहीतर 'देशी' म्हणून दरवेळी बहावाच हाती पडतो.

जमीन सोलापूर, नगरकडची असेल तर यातलं काहीच करू नका. कागदावर पडीक दिसणारा माळ हे लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांचं घर आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य (१९७९) असल्याच माळांवरचं. तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावणं म्हणजे चांगला माळ बिघडवणं, आणि मुरमात यंत्राने चर खणले की गवत मुळासकट जातं. पावसाळाभर चराई बंद ठेवा, बी झडल्यावर विळ्याने कापणी करा, उघड्या पडलेल्या जागी मारवेल, पवन्या या गवतांचं बी फेका. पण चराई कायमची बंद करू नका. कापणीनंतर धनगरांची मेंढरं फिरू द्या. लेंडीखत मिळतं, आणि वाळकं गवत कमी राहिलं की वणव्याची धास्तीही कमी.