इस्राएलच्या रोश हाआयिनमधलं टोळांचं जेवण: कशेर (ज्यू नियमांत बसणारं), कुरकुरीत, जरा महाग

या ‘बायबलकाळच्या जेवणा’त टोळ पानात येतात तेव्हा त्यांना डोकं नसतं, पंख नसतात, तंगड्याही नसतात. उरतो तो करंगळीच्या दोन पेरांएवढा तपकिरी तुकडा, लसूण-जिऱ्यावर परतलेला, वरून जाडं मीठ. माणशी आठ नग. सोबत जवाची भाकरी, मसूर, ऑलिव्ह, अंजीर, खजुराचा पाक, शेळीच्या दुधाचा चक्का आणि शेवटी मध. दर १८० शेकेल. पैसे टोळांचे कमी आणि यजमानीणबाईंच्या बोलण्याचे जास्त, हे मी आधीच सांगते. ते बोलणं मात्र पैसे वसूल करणारं आहे.

जागा म्हणजे रोश हाआयिनमधलं एक राहतं घर. १९४९-५० साली येमेनचे ज्यू विमानांनी इथे आले, त्यांच्या छावणीतून हे गाव वाढलं. पाटीबिटी काही नाही. अंगणात लांब टेबल, त्यावर बारा-चौदा माणसं दाटीवाटीनं बसतात. यजमानीणबाई सत्तरीच्या, आईवडील येमेनचे. मी माझ्या नणंदेला आणि नातवाला घेऊन अशदोदहून गेले होते. नातू मोबाइलवर चित्रीकरण करायला आलेला, नणंद मला अडवायला.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या घरात कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, धर्माला निषिद्ध म्हणून, कधी शिरल्या नाहीत. कोळीण दारात टोपली उतरवायची आणि आई फक्त खवल्यांचा मासा निवडून घ्यायची. अशा घरातल्या बाईनं साठी उलटल्यावर किडे खायचे? आजी असती तर अंगणातूनच परत फिरवलं असतं.

पण परवानगी तोरातच, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातच आहे. त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पंख असून चार पायांवर चालणारे सगळे कीटक निषिद्ध ठरवलेत आणि लगेच सूट दिली आहे: ज्यांना उडी मारायला पावलांच्या वर सांध्याचे पाय आहेत, ते खा. चार नावंही दिली आहेत: अर्बे, सोलआम, हरगोल, हगाव. मिश्नानं, म्हणजे धर्मनियमांच्या जुन्या संग्रहानं, खुणा आणखी बारीक केल्या: चार पाय, चार पंख, उडीचे पाय आणि अंगाचा बहुतेक भाग झाकणारे पंख. खरी अडचण त्यापुढे आहे. यातला कुठला टोळ म्हणजे कुठलं नाव, हे ओळखणारी माणसं युरोपात उरली नाहीत. फ्रान्समधल्या राशीसारख्या ज्यू पंडितानं अकराव्या शतकात लिहून ठेवलं की आम्हाला आता फरक करता येत नाही. म्हणून तिकडच्या ज्यूंनी टोळ सोडून दिले. येमेनमध्ये टोळधाडी येत राहिल्या, खाणंही चालू राहिलं, ओळखही टिकली.

ही ओळख बाई प्रत्यक्ष दाखवतात आणि माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात पाहण्यासारखं हेच आहे. एक अख्खा गोठवलेला टोळ बशीत उलटा ठेवतात, हातात भिंग देतात आणि छातीखाली ‘हेत’ या हिब्रू अक्षरासारखी खूण शोधायला लावतात. नातवाला ती चटकन सापडली. मला दिसली असं मी म्हटलं. बाईंचे वडील पहाटेच्या गारठ्यात टोळ गोळा करायचे, कारण अंग थंड असताना टोळाला उडता येत नाही. पोती भरून आणायचे, उकळत्या खारट पाण्यात सोडायचे किंवा तापलेल्या भट्टीत भाजायचे, उरलेले उन्हात वाळवायचे. शेत गेलं तर निदान पोती भरली, असा सगळा व्यवहार.

आता चवीचं. पहिला घास कुरकुरीत, आतून कोरडा, चवीला भाजलेल्या बियांच्या जवळ. बाजूचे लोक ‘कोळंबीसारखं’ म्हणत होते. त्यावर माझ्याकडे मत नाही. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी टोळ खाऊ नयेत, दोन्हींत सारखी प्रथिनं असतात, असं बाई सुरुवातीलाच बजावतात. ते चांगलंच आहे, पण जिनं जन्मात कोळंबी खाल्ली नाही तिनं काय समजायचं? मी एक खाल्ला, थोडा वेळ थांबले, मग बाकीचे खाल्ले. नणंदेनं मसूर-भाकरीवर भागवलं. तिचं म्हणणं, ज्यांची वहिवाट नाही त्यांनी खाऊ नये. असं मत असलेले रब्बीही (ज्यू धर्मगुरू) आहेत. येमेनी लोकांच्या साक्षीवर इतरांनीही खावं, असं म्हणणारेही आहेत. बाई दोन्ही बाजू सांगतात आणि कोणालाच आग्रह करत नाहीत.

मला दचकवलं ते चक्क्यानं. बाईंनी टोळ सरळ त्यात बुडवला. मटणाच्या रश्शात दूध-दही चालत नाही म्हणून आमच्याकडे जन्मभर नारळाचं दूध. आणि इथे हे! पण मिश्ना स्वच्छ सांगते: कुठलंही मांस दुधात शिजवायचं नाही, अपवाद मासे आणि टोळ. टोळाला शेहीताही लागत नाही, म्हणजे सुरी नको, खाटीक नको. गोळा केला की झाला खाण्याजोगा. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमधल्या प्राचीन ज्यू पंथाला एवढी मोकळीक पटली नाही. त्यांच्या नियमात टोळ जिवंतपणीच आगीत किंवा पाण्यात घालायचा, असं होतं. आमच्या पानातले टोळ शेतीतले, जाळीत गवत खाऊन वाढलेले आणि गोठवून आलेले, तेव्हा तो पंथ बहुतेक उपाशी उठला असता. धाडीतले रानटी टोळ बाई घेत नाहीत, त्यांच्यावर औषध फवारलेलं असतं. २०१३ च्या मार्चमध्ये, पेसाह (वल्हांडण) सणाच्या थोडं आधी, इजिप्तकडून धाड आली होती तेव्हा हौशी लोकांनी ते पकडून तळले होते.

जेवणाआधी बराखा (आशीर्वाद) कुठला म्हणायचा, यावर टेबलावर छान वाद रंगला. मिश्नात टोळांवर ‘शेहाकोल’ हा सर्वसाधारण आशीर्वाद म्हणायला सांगितलंय, पण रब्बी येहूदा म्हणतात की जे शापाच्या जातीचं आहे त्यावर आशीर्वाद म्हणू नये. देवानं मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, पाठवलेल्या दहा पीडांतली आठवी टोळांचीच ना! मला येहूदांचं म्हणणं मनापासून आवडलं, तरी म्हटलं ‘शेहाकोल’च. शेतात पाळलेला टोळ कुणाचा शाप?

आमच्यासमोर वसईहून आलेलं एक ख्रिस्ती जोडपं होतं. यात्रेला आलेले, गटापासून संध्याकाळ सुटी मागून इथे पोचलेले. मराठी ऐकल्यावर ताई एकदम मोकळ्या झाल्या. “बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खायचा, आम्ही लहानपणापासून ऐकतोय. म्हटलं, बघू तरी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या यजमानांना वाटत होतं की ते टोळ नसून झाडाच्या शेंगा असणार. युरोपातही कॅरोबच्या शेंगांना योहानाची भाकरी म्हणतात. मला हे पटत नाही. योहान याजकाचा मुलगा, तोरात लिहिलंय तेच खाणार. शिवाय टोळाला ना शेत लागतं, ना खाटीक, ना दशमांश द्यावा लागतो. रानात राहून कुणाचं देणं न लागणाऱ्या माणसाचं ते अन्न. शेंगांची सारवासारव पुढच्या काळातल्या, किड्यांची किळस येणाऱ्या लोकांनी केली असावी.

आणि टोळ हे फक्त गरिबाचं खाणं होतं असंही नाही. प्राचीन ॲसिरियातल्या निनवेच्या राजवाड्यातल्या शिल्पात सेवक काठ्यांना टोळ लावून मेजवानीला नेताना दिसतात. ते शिल्प आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाईंकडे त्याचं छायाचित्र आहे, पण इतकं धुरकट छापलेलं की टोळ कुठले नि डाळिंबं कुठली कळत नाही. नवीन प्रत काढावी.

तक्रारी आणखीही आहेत. ‘बायबलकाळचं जेवण’ म्हणायचं आणि टेबलावर हिरव्या मिरचीचा झूग, म्हणजे येमेनी चटणी, नि टोमॅटो ठेवायचे? दोन्ही अमेरिकेतून आलेले. झूग झकास होता, मी दोनदा घेतला, पण मग नाव तरी बदला. मध बरणीतला, नेहमीचा. मधमाशी निषिद्ध असून मध कसा चालतो, हे बाईंनी छान सांगितलं: माशी तो अंगातून तयार करत नाही, फुलांवरून गोळा करते, असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो. पण तेल रेहोव या उत्खननाच्या जागी २००७ मध्ये जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मधपोळ्यांच्या ओळी सापडल्या, त्या देशात पाहुण्यांपुढे निदान पोळ्याचा तुकडा तरी ठेवावा.

बाई फक्त हिब्रूत बोलतात. हिब्रू न येणाऱ्यांनी दुभाष्या घेऊन जावं, नाहीतर ते १८० शेकेल वाया. शुक्रवार-शनिवार बंद असतं. नोंदणी फोनवर होते आणि टोळ कमी असले तर त्या आधीच कळवतात. नातवंडांना न्यायला हरकत नाही, दहा वर्षांखालच्यांना अर्धा दर आहे. टोळ नको असणाऱ्यांनाही पूर्ण दर पडतो. नणंदेनं त्यावर हुज्जत घातली आणि जाताना तिला लाहूहची, म्हणजे येमेनी भाकऱ्यांची, पिशवी मिळाली.