माणगा बांबू लावायचा असेल तर कुडाळकडची ही नर्सरी बघाच

घरामागे अर्धा एकर वरकस, म्हणजे हलकी जमीन आहे, काजू धड येत नव्हता, म्हणून बांबू लावायचं ठरवलं आणि रोपं ह्यांच्याकडून घेतली. दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी जागा कुठे, पाणी किती काहीच न विचारता १० बाय १० फुटांवर दोनशेच्या वर रोपं बसतील म्हणून थेट रेट सांगितला. इथल्या काकांनी आधी विचारलं की काठी विकायची कुणाला, उतार कुठल्या बाजूला, गडगा (दगडी कुंपण) आहे की नाही, आणि मग ४ बाय ४ मीटरवर सव्वाशेच्या आत बसतील, त्याच्यापेक्षा जास्त मी देणार नाही म्हणाले. कारण पण नीट समजावलं, बांबूचं बेट, म्हणजे काठ्यांचा झुबका, भरलं की तीन वर्षांची जुनी काठी आतच असते आणि नवीन बाहेरच्या अंगाला, दाट लावलं तर जुनीपर्यंत कोयता पोचतच नाही, मग माणूस बाहेरची कोवळी तोडतो आणि बेट बिघडतं. स्वतःची विक्री कमी करून असं सांगणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटला नाही.

रोपांबद्दल मुद्दाम लिहितोय कारण फसवाफसवी इथेच होते. माणग्याला बी जवळजवळ धरतच नाही, रोप काठीच्या पेराच्या कलमातून किंवा कंदातून करावं लागतं, त्यामुळे कोणी बियाण्यापासूनचा माणगा म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आणि कलमाला नुसत्या मुळ्या फुटल्या, पानं हिरवीगार दिसली तरी खाली कंद धरला नसेल तर ते रोप पुढे वाढत नाही. काकांनी एक पिशवी आमच्यासमोर फाडली, माती झटकली आणि मुळ्यांच्या मध्ये आंगठ्याएवढा कंद आणि त्याला आलेला पांढरट कोंब दाखवला. बाकीच्या पिशव्यांत मातीतून वेगळा नवीन कोंब वर आलाय का ते बघून एकेक निवडून दिली, आईने मधेच दोन बाजूला काढली तर तीपण काही न बोलता बदलून दिली.

खड्डे २ बाय २ बाय २ फुटांचे मे मध्येच मारून ठेवा, शेणखत घाला, आणि दोन पाऊस पडून गेल्यावर लावा असं सांगितलेलं, तसंच केलं. पहिली दोन वर्षं गुरं आणि डुकरं सांभाळायची, कोवळा कोंब खाल्ला की ती काठी गेलीच.

तक्रार दोन गोष्टींची आहे. टेम्पोवर ताडपत्री नव्हती, वाऱ्याने बरीच पानं करपून आली. आणि बिलावर नुसतं "बांबू रोपे" लिहिलेलं, अनुदानासाठी कागद करायचे तर जातीचं नाव लागतं, ते फोन करून परत लिहून घ्यावं लागलं. एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी हे सुधारायलाच पाहिजे.

रेट इतरांपेक्षा थोडा जास्त आहे पण मला पटला, माणगा भरीव आणि बिनकाट्याचा, घाटावर टोमॅटोला, द्राक्षाला आधाराला जातो. जून उजाडला की चांगली रोपं संपतात तेव्हा एप्रिलमध्येच जाऊन बुक करा, आणि जाताना जागेचे फोटो घेऊन जा, काका ते बघूनच बोलतात.