झोपेसाठी लावलेला व्यायामवर्ग: चार महिन्यांनंतर

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय ५९. दोन वर्षं रोज रात्री अडीचला जाग यायची, मग पाचपर्यंत नुसती कूस बदलत पडायचे. डॉक्टरांनी गोळी थोडेच दिवस दिली आणि व्यायाम लावा म्हणाले. म्हणून कमाटीबागेजवळचा हा छोटा वर्ग धरला. महिना ९०० रुपये, बॅचला बाराजण.

सुरुवातच चुकली. सकाळी जागा नव्हती म्हणून रात्री साडेआठची बॅच घेतली. दोरीच्या उड्या, बैठका, साडेनऊला घामाघूम घरी. दहाला आडवी झाले तरी छातीत धडधड आणि अंग तापलेलं. झोप लागायला अंग जरा निवावं लागतं, त्याला वेळच मिळत नव्हता. झोपेची तक्रार घेऊन आलेल्याला हे नाव घालतानाच सांगायला हवं होतं. मी तसं त्यांना बोललेही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाची जागा मिळाली. अर्धा तास बागेत झपझप चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मग दोन किलोचे डंबेल्स, खुर्चीवरून उठबस. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते ती १५० मिनिटं चालण्यातच भरतात.

पहिला महिना काहीही फरक नाही. मुद्दाम लिहिते, कारण माझ्यासोबतच्या दोघी तिथेच सोडून गेल्या. सहाव्या आठवड्यापासून जाग आली तरी पंधरा-वीस मिनिटांत परत डोळा लागायला लागला. हल्ली कधीकधी थेट गजरच ऐकू येतो.

मग ह्यांनाही नेलं. झोपेत ह्यांचा श्वास अडतो, तपासणीत तो तासाला २२ वेळा अडताना दिसला होता. शिकवणाऱ्या ताईंनी आधी विचारलं, "काका, रात्री श्वासाचं मशीन लावता ना? ते सोडायचं नाही हं, व्यायाम त्याच्या जोडीला." त्या एका वाक्याने माझा ह्या वर्गावर विश्वास बसला. वजन न उतरताही व्यायामाने हा त्रास थोडा कमी होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. ह्यांचं वजन आहे तेवढंच आहे, पण दुपारी पेपर वाचताना मान कलत नाही.

स्कूटर लावायला जागा कमी, दहा मिनिटं आधी जा. रविवारी वर्ग बंद असतो, तेव्हा आम्ही दोघंच बागेत चालून येतो.